रोल नंबर सत्तेचाळीसचा मेंटल ब्रेक

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी. धसईच्या पुढचा बंधारा.

आजपासून मेंटल ब्रेक. अधिकृत.

कारण लिहून ठेवतो. शनिवारी देसले सरांनी विज्ञानाचे पेपर वाटले. मला वीसपैकी चार. त्याचं काही नाही, चार हा माझा नेहमीचा आकडा आहे. पण सर भर वर्गात म्हणाले, "महिपत, तू आलास काय नि नाय आलास काय, या वर्गाला काय फरक पडतोय?" पहिल्या बेंचवरच्या रविनाने मागे वळून बघितलं. हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं.

फरक पडतो की नाही ते आता दाखवूनच देतो. आठवडाभर शाळेत पाऊल टाकणार नाही. माझा अंदाज असा: उद्या वर्गात कुजबुज, परवा चौकशी, गुरुवारी सर स्वतः मोटारसायकल काढून आमच्या पाड्यावर. म्हणतील, चल रे बाबा, वर्ग सुना सुना वाटतोय. मी लगेच हो म्हणणार नाही.

याला शाळा बुडवणं म्हणत नाहीत. रीलमध्ये एक ताई सांगत होत्या, शहरातली पोरं मन थकलं की रीतसर मेंटल ब्रेक घेतात. माझं मन शनिवारपासून थकलेलंच आहे.

माझ्या बेंचवरचा अनिलही येणार होता. शपथ झाली होती. गेटपर्यंत आला आणि म्हणाला, "तू हो पुढं. मी आतून पाठिंबा देतो." ठीक आहे. कुठल्याही आंदोलनाला आत एक माणूस लागतोच.

दुपारी.

मुरबाडला जाणार होतो. कंडक्टर म्हणाले, पास फक्त पाडा ते धसई. ब्रेक घेणाऱ्या विद्यार्थ्यांची एसटीने काहीच सोय केलेली नाही. परत बंधाऱ्यावर. डबा संपला. विज्ञानाचं पुस्तक उशाला घेतलं, झोप येईना, म्हणून 'उष्णता' हा धडा वाचला. अभ्यास म्हणून नाही. बर्फाच्या लादीवर वजनं बांधलेली तार ठेवली तर तार आरपार जाते आणि लादी पुन्हा अखंडच. याला पुनर्हिमायन म्हणतात. म्हणजे तार आली काय नि गेली काय, लादीला काही फरक नाही. असल्या गोष्टी पोरांना कशाला शिकवतात कळत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शेजारच्या भिमीकाकू भाजीची पाटी घेऊन बाजाराला चालल्या होत्या. बंधाऱ्यावर मला बघून थांबल्या. "शाळा नाय काय रं आज?"

खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. छाती पुढे काढून सांगितलं, "काकू, मी मेंटल ब्रेक घेतलाय."

काकू दोन पावलं मागे सरल्या. मग पाटीतला एक मुळा काढून लांबूनच पुढे केला. "खा बाला. आन सरळ घरी जा." ज्या बाईने मला एका काकडीसाठी बांधावरून पळवलं होतं, तिने मुळा दिला! पहिला जाहीर पाठिंबा.

रात्री घरी मार बसणार म्हणून भाषण तयार ठेवलं होतं. गरजच पडली नाही. काकूंनी आधीच सांगितलं होतं म्हणे. आई नुसती केसांतून हात फिरवत बसली. बाबांनी हळूच विचारलं, "डोक्यात कसं वाटतं रं?" मी म्हटलं, एकदम मोकळं मोकळं. बाबांनी आईकडे बघितलं. आईने तोंडाला पदर लावला. आमचे आईबाबा इतके पुढारलेले असतील असं वाटलं नव्हतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

गावात माझा दरारा वाढलाय. आज वाटेने चाललो तर लोक आपणहून बाजूला होत होते. नळावरची पोरं मला बघून हंडे टाकून पळाली. दहावीपर्यंत शिकून जे जमलं नाही ते दोन दिवसांच्या ब्रेकने जमलं.

घरात तर राजासारखी वागणूक. नाव महिपत ठेवल्याचं आज सार्थक झालं. सुक्या बोंबलाच्या कालवणातले मोठे तुकडे माझ्या ताटात. धाकट्या पूजाने विळा, कोयता, अगदी विळीसुद्धा लपवून ठेवली. मला काम पडू नये म्हणून. लहान आहे, पण समजूतदार.

सरांची चौकशी अजून आलेली नाही. कुजबुज चालू असणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गोमाबाबा भगत खास मला बघायला आले. माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं, कपाळाला अंगारा लावला आणि आईला सांगितलं, "डोकं रिकामं ठेवू नको त्याचं. कामाला लाव."

बाबांनी भाताच्या झोडणीसाठी कंपनीत सुट्टी टाकली आहे. मला खळ्यावर उभं केलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत भाताचे भारे उचलून फळीवर आपटले. हात खांद्यापासून निखळायला आले, अंगभर भाताची टोचरी कूस. हरकत नाही. शरीर थकलं की मन ताजं होतं. मधे सावली बघून सहज वाटलं, आत्ता मराठीचा तास असेल. बेंचवर बसून ऐकायचा. सहजच वाटलं.

दुपारी मोटारसायकलचा आवाज आला. घाईघाईने केस नीट केले, चेहरा गंभीर केला. कोंबडीवाला निघाला.

संध्याकाळी पूजा उंबऱ्यात उभी राहून रडत म्हणाली, "दादा, तू खरंच मेंटल झालास काय रं?"

मग सगळा उलगडा झाला. भिमीकाकूंनी मंगळवारीच पाड्यावर सांगितलं होतं, "सकुबायचा पोरगा मेंटल झालाय. ब्रेक गेलाय त्याचा. सोता आपल्या तोंडानं सांगतो!" म्हणजे तो मुळा, ते बोंबील, तो दरारा...

असो. मोठ्या विचारांच्या माणसांबद्दल गैरसमज होतातच.

आईला समजावायला गेलो. आई, मेंटल ब्रेक घेणं म्हणजे मेंटल होणं नाय. आई म्हणाली, "हो रं बाला. नायस तू मेंटल." आणि आणखी अंगारा लावला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज सोक्षमोक्ष! आई स्वतः शाळेत गेली, पोरगा आजारी आहे म्हणून सरांना सांगायला. मी भारे आपटता आपटता मनात सगळं बघत होतो. सर हादरतील. म्हणतील, तरीच वर्ग ओस पडलाय. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं, ताई.

आई परत आली ती पांढरीफटक. खळ्याच्या कडेला मटकन बसली. सर म्हणाले होते, "महिपत? तो तर रोज येतो. उलट या आठवड्यात सुधारलाय. मागच्या बेंचवरून आवाज नाय का काय नाय. असाच राहू दे त्याला."

आईने माझा हात चाचपून बघितला. मग बाबांना ओरडून सांगितलं, "आवो, पोर हितं पन हाय आन शाळंत पन हाय!"

गोमाबाबा पुन्हा आले. या वेळी लिंबं दोन, कारण महिपत दोन.

रात्री. मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. मी नाही हे त्यांना कळलंच नाही. आणि नाही म्हणून वर कौतुक झालं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

अनिलला त्याच्या घरी जाऊन गाठला. कॉलर धरली. तो शांत होता. म्हणाला, "सर मान खाली घालून नंबर घेतात. तुझ्या नंबराला मी रोज जाड आवाज काढून हजर बोलतो. हजेरी कमी पडली तर बोर्डाला बसू देतील काय तुला? आतून पाठिंबा आनखी कसा असतो?"

कॉलर सोडावी लागली. मग विचारलं, बाकी कुणी माझं नाव तरी काढलं का. अनिलने खूप वेळ आठवलं. मग म्हणाला, "हा, रविनाने विचारलं होतं."

माझे कान तापले. काय विचारलं?

"सत्तेचाळीसचा घसा बसलाय काय."

ठरलं. सोमवारी जाणार. माघार म्हणून नाही, हल्ला म्हणून. भर वर्गात उभा राहून सांगणार, सर, मी आठवडाभर नव्हतो, मला शिक्षा करा. शिक्षा हा माझा हक्क आहे. न आलेल्या माणसाला गैरहजर म्हणायचं नाही, हा कुठला न्याय?

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी. शाळेचा व्हरांडा.

गेलो. बेंचवर बसलो. माझ्या जागेवर कुणाची तरी दोन दप्तरं होती, ती खाली ठेवली. भाषण पाठ होतं. आधी हजेरी होऊ दे म्हटलं.

देसले सर मान खाली घालून मोबाईलवर कसलीशी ऑनलाइन माहिती भरत होते आणि नंबर घेत होते. शेहेचाळीस, हजर. सत्तेचाळीस.

छाती भरून "हजर!" म्हणालो. त्याच क्षणी शेजारून अनिल सवयीने जाड आवाजात "हजर" बोलला.

सरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "सत्तेचाळीसचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. हा दुसरा कोण दुसऱ्याची हजेरी देतोय?"

मी उभा राहिलो. म्हटलं, सर, मीच सत्तेचाळीस.

"खोटी हजेरी देतोस आणि वर तोंड करून बोलतोस? हो बाहेर!" आणि तशीच मान खाली ठेवून पुढे, "अठ्ठेचाळीस."

बाहेर आलो. ताठ मानेने आलो, हे नमूद करतो. भाषण राहिलं, पण शिक्षा मिळाली. म्हणजे मागणी निम्मी मान्य झाली. मी व्हरांड्यात, हजेरी आत. इथे हवा चांगली आहे. यालाही ब्रेकच म्हणायला हरकत नाही.

सरांनी 'उष्णता' घेतलाय. विचारतायत, तार आरपार जाऊनही बर्फाची लादी अखंड राहते, त्याला काय म्हणतात. एकही हात वर नाही. रविनालासुद्धा येत नाहीये. सर पुन्हा विचारतायत, एवढ्या वर्गात एकालाही येत नाय?

मला येतं. उजवा हात वर केलाय, म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय. खिडकी उंच आहे.