न मिटणारा चाकू : खरेदीपूर्व व खरेदीपश्चात नोंदी

२ मे

लेक अठ्ठावीस तारखेला हॉस्टेलला जाणार. तीन वर्षांचा कोर्स. आज जेवताना म्हणाली, की जाण्याआधी एक रात्र जंगलात तंबू ठोकून राहू या, फक्त आपण दोघं. पुढे असंही म्हणाली, की हे आपलं चौथ्यांदा ठरतंय. आधीचे तिन्ही बेत सबळ कारणांमुळे रद्द झाले होते. एकदा ऑडिट, एकदा पाठदुखी. तिसरं कारण आत्ता आठवत नाही, पण सबळ होतं.

या वेळी नाही जमलं तर ती तिच्या मामाबरोबर जाईल म्हणे. रागावून नाही, अगदी शांतपणे सांगितलं. पूर्वी रडायची, ते परवडायचं.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं : जाणार म्हणजे जाणार. १६ आणि १७ मे. बायको नुसती माझ्या पोटाच्या घेराकडे बघत राहिली.

संकल्प : तयारी पद्धतशीर. सुरुवात चाकूपासून. हातात चांगला चाकू असेल तर बाकी सगळं जंगलात तयार करता येतं.

३ मे

कारखान्याच्या खरेदी विभागात बावीस वर्षं काढली. माझ्या सहीशिवाय तिथे खिळासुद्धा आत येत नाही. माझा नियम एकच : तीन कोटेशनं आल्याशिवाय निर्णय नाही. माझ्या पाठीमागे लोक मला ‘तीन कोटेशन’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आदराने म्हणत असावेत.

आज लंच टाइममध्ये अभ्यास सुरू केला. मिटणारा चाकू बाद. सांधा आला की कमजोरी आली. पातं पक्कं हवं आणि ते मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत सलग गेलेलं हवं. लांबी चार इंचांच्या आसपास. पोलादाचा प्रश्न मात्र बिकट आहे. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण ते गंजतं. स्टेनलेस गंजत नाही, पण धार लावताना नाकी नऊ येतात. तुलनेसाठी अकरा रकान्यांचा तक्ता आखला.

बजेट हिने ठरवून दिलं : मिक्सरच्या दुरुस्तीला जेवढे गेले तेवढेच, वर एक पैसा नाही. जीव वाचवणाऱ्या वस्तूची बरोबरी मिक्सरशी! पण वाद घातला नाही. मिक्सर माझ्यामुळेच बिघडला होता.

६ मे

दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, चाकूने काय कापायचंय? मी म्हटलं, ते परिस्थितीवर अवलंबून राहील. त्याने आधी करवतीचे दाते असलेला एक राक्षसी चाकू काढला. मुठीत होकायंत्र, आत काडेपेटी ठेवायला जागा. मी मूठ ठोकून पाहिली. पोकळ! पोकळ मुठीचं पातं जोर लावला की निखळतं. माझी परीक्षाच घेत होता लेकाचा.

मग त्याने नारिंगी प्लॅस्टिकच्या मुठीचा एक साधा चाकू समोर टाकला. कार्बन स्टील, पातं चार इंच, सोबत म्यान. जंगलखात्याची माणसं हाच नेतात म्हणाला. किंमत बजेटच्या निम्मी. इतकं स्वस्त म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी. मी म्हटलं, आणखी दोन कोटेशनं आल्यावर बघू. तो म्हणाला, साहेब, हा चाकू आहे, बॉयलर नाही. रांगेतली माणसं हसली. अशा हसण्यावर मी बावीस वर्षं पोसलो आहे.

९ मे

लेकीने विचारलं, जागेचं बुकिंग झालं का, आज शेवटचा दिवस आहे. मी समजावलं, की पोलाद ठरल्याशिवाय बुकिंग करणं म्हणजे घोड्यापुढे गाडी. तिने सिंकपाशी उभ्या उभ्या फोनवर बुकिंग करून टाकलं. चार मिनिटं लागली. एकाच जागेचं, तुलना न करता. मी नापसंती नोंदवली. ती म्हणाली, बाबा, तू फक्त ये.

संध्याकाळी मेव्हणा त्याचा तंबू द्यायला आला. म्हणाला, दाजी, दोन दिवसांसाठी कसला चाकू घेताय, घरातली भाजीची सुरी न्या. या माणसाने आयुष्यात एक तक्ता केलेला नाही आणि तरी सगळे त्याच्याकडे सल्ला मागतात. लेक त्याच्याशी अर्धा तास गाठींबद्दल बोलत होती. हसत होती. मी आतल्या खोलीत रकाने भरत बसलो.

१२ मे

दोन कोटेशनं हातात, तिसरं कुरिअरने येतंय. तोवर सर्व्हायव्हलवरची एक पुस्तिका वाचून काढली आणि आनंदाने उडालोच! संकटात मदत मागायची खूण म्हणजे तीन. तीन शिट्ट्या, तीन हाका, तीन ठिकाणी धूर. सगळ्या जगाने मान्य केलेला नियम. म्हणजे सगळं जग माझ्याच पद्धतीने चालतं. हे हिला सांगितलं. ती म्हणाली, आधी बुटांचे बंद बदला, कुजलेत.

१४ मे

तिसरं कोटेशन आलं. अकरा रकाने, तीन चाकू, प्रत्येकाला गुण. पहिला आला तो नारिंगी मुठीचा. ऑफिसातून थेट दुकान गाठलं. नारिंगी संपला होता, हिरवा शिल्लक होता. दुकानदार म्हणाला, गवतात पडला तर हिरवा सापडत नाही. मी म्हटलं, माझ्या हातून वस्तू पडत नाहीत.

१५ मे

चाचणी. पाकिटाची चिकटपट्टी कापता कापता अंगठा. धार समाधानकारक.

लेकीने हॉलमध्ये तंबू उभारून पाहिला. एकटीने, बारा मिनिटांत. मी सोफ्यावर अंगठा उंच धरून यादी वाचून दाखवत होतो. चांगली टीम आहे आमची.

१६ मे

सकाळी ७.१०. निघालो. बुटांचे बंद तेच. चाकू पट्ट्याला लावला. बसमध्ये कंडक्टर दोनदा पट्ट्याकडे बघून गेला. लेकीने शर्ट बाहेर काढायला सांगितला.

दुपारी १२.४०. पोचलो. रखवालदाराची झोपडी खाली, आमची जागा वर, मध्ये पंधरा मिनिटांची पायवाट. म्हातारा आहे, पण काटक. त्याने सांगितलं, चारनंतर धुकं चढतं, मग ओढ्यावर एकट्याने जायचं नाही, दगड निसरडे आहेत. काही लागलं तर हाक मारा, मी येतो. ओढा आमच्या तंबूपासून शंभर पावलांवर आहे. झाडीमुळे दिसत नाही, पण पाण्याचा आवाज येतो.

२.००. चाकूने तंबूसाठी खुंटी तासली. चाळीस मिनिटं. उत्तम खुंटी. तेवढ्यात लेकीने लोखंडी खुंट्या ठोकून तंबू उभा केला होता. माझी खुंटी तिने टॉवेल वाळत घालायला लावली.

३.३०. चाकूच्या पाठीने चकमकीवर ठिणगी पाडून शेकोटी पेटवण्याचा प्रयोग. ठिणग्या भरपूर, आग नाही. अर्ध्या तासाने लेकीने काडेपेटी पुढे केली आणि मग तिला हसू आवरेना. मलाही. माझ्या खांद्याला टेकून हसत होती. दहा-बारा वर्षांची असताना हसायची तशी. फार बरं वाटलं. हे आधी का नाही केलं आपण?

४.१५. पाणी संपलं. पातं धुण्यात जरा जास्तच गेलं. खुंटीच्या लाकडाचा चीक राहिला तर कार्बन स्टीलवर डाग पडतात. लेक बाटल्या घेऊन ओढ्याकडे निघाली. येतोस का, म्हणाली. मी म्हटलं, तू हो पुढे, पात्याला तेल लावून पाच मिनिटांत आलोच.

४.३५. धुकं चढलं. टॉवेलची खुंटीसुद्धा दिसत नाही. अशा वेळी जागा सोडायची नाही, पुस्तिका पान नऊ. तेल लावून झालं.

४.४८. अजून आली नाही. बाटल्यांची तोंडं अरुंद आहेत, भरायला वेळ लागतो.

४.५५. खालून एक आवाज आला. लांबट, वर चढत जाणारा. पक्षी असावा.

५.०२. परत तोच. पक्षीच. समजा नसला, तरी दोन झाले. दोन म्हणजे खूण नाही. खूण म्हणजे तीन.

५.०६. चाकू म्यानातून काढून ठेवला. गारठा फार आहे. पलीकडे पाचोळ्यात काहीतरी हललं. तंबूच्या आत आलो. आवाजाची दिशा ठरवायला आतून सोपं जातं.

५.१०. तिसऱ्याची वाट बघतोय.

५.२०. तिसरा आवाज नाही. याचा अर्थ सगळं ठीक आहे. अर्थ स्पष्ट आहे. ओढ्याचा आवाज मात्र मघापेक्षा मोठा वाटतो. टॉर्च तिच्याकडे आहे. टॉर्च माझ्याकडे असता तर मी नक्कीच

५.३५. पावलं! बाहेर येऊन चाकू रोखून उभा राहिलो. कोण आहे, म्हणून ओरडलो. आवाज फाटला माझा. धुक्यातून रखवालदार आला. पाठीवर लेक. पाय घोट्यापाशी सुजून टम्म. रखवालदार म्हणाला, आधी ते हत्यार खाली करा.

६.४५. लिहून ठेवलेलं बरं. दगडावरून घसरली. पाय दोन दगडांत अडकला, निम्मी पाण्यात. म्हाताऱ्याने पंधरा मिनिटांच्या वाटेवरून आवाज ऐकला आणि पळत आला. त्याने माझा चाकू मागितला, टॉवेलच्या पट्ट्या कापल्या, फांदी सोलून घोट्याला आधार बांधला. दोन मिनिटांचं काम. पातं कापडावर आणि लाकडावर सारखंच चाललं. शेरा : निवड अचूक.

लेक थंडीने कुडकुडत होती. मी विचारलं, तिसऱ्यांदा हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, वाटलं, राहू दे.

१७ मे

घरी. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत, स्नायू दुखावलाय, आठवडाभरात चालेल. हिला सगळं क्रमवार सांगितलं : धुकं, जागा न सोडण्याचा नियम, आवाजांची संख्या. पुस्तिकेचं पानही दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ओढा किती लांब होता? मी म्हटलं, धुक्यात अंतराचा अंदाज येत नाही.

ती उठून लेकीच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

२० मे

लेकीने कुणाकडेही तक्रार केलेली नाही. मेव्हणा भेटायला आला, त्याला नुसतं म्हणाली, पाय घसरला. माझं नावही घेतलं नाही. मुलगी समंजस आहे. तिचा गैरसमज झाला असता तर बोलली असती.

माझ्याशी नीट बोलते. चहा हवा का, फॅन वाढवू का, सगळं नीट. इतकं नीट कधी बोलत नव्हती.

संकल्प : पुढच्या सुट्टीत पुन्हा जायचं. या वेळी दोन टॉर्च. टॉर्चची कोटेशनं मागवायला घेतो.

२३ मे

टॉर्चबद्दल लेकीला सांगितलं. बघू म्हणाली. हे ‘बघू’ माझं आहे. घरात मीच वापरतो.

म्यानातून चाकू काढून पाहिला. पात्यावर पाण्याचा एक डाग धरलाय, पुसून जात नाही. स्टेनलेस घ्यायला हवा होता. सगळी चूक तिथेच झाली.

२७ मे

उद्या ती जाणार. बॅगा भरून झाल्या. हॉस्टेलचा फॉर्म माझ्या सहीसाठी टेबलावर ठेवला होता. मी सही करण्याआधी प्रत्येक कागद पूर्ण वाचतो, बावीस वर्षांची सवय. दुसऱ्या पानावर खाली : अडचणीच्या वेळी कोणाला बोलवावे? दोन ओळी. पहिल्या ओळीत आई. दुसऱ्या ओळीत मामा. तिचं स्वच्छ, सावकाश अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

फॉर्म सदोष आहे. दोनच ओळी दिल्यात. तिसरी असती तर तिथे माझंच नाव असतं. शिवाय माझा फोन ऑफिसात सायलेंटवर असतो, हे तिला माहीत आहे. तिने विचार करूनच भरलंय.

सही केली. तिच्या खोलीत नेऊन दिला. तिने विचारलं, सगळं वाचलंस? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं. आणि फॉर्म बॅगेत ठेवला.

परत येऊन अर्धा तास या पानावर पेन टेकवून बसलोय.

तो पक्षी नव्हता. ‘बाबा’ असा स्पष्ट आवाज होता, दोन्ही वेळा. पहिल्याच हाकेला मी ओळखला होता. मी घाबरलो होतो.