आधी तू मत दे

ती. सुभद्राअक्कास हितूचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? कणकवलीला उकाडा असेलच. इथे लालबागला तर भिंतींनाही घाम फुटतो आहे.

पत्रास कारण, तुझे आभार. फोनवर मी तुला ऐकवलं होतं, की स्वतंत्र देशात मत देणं जसा हक्क, तसा न देणंही हक्कच. कर्तव्य म्हणून गळी उतरवायला ते काय एरंडेल आहे? (हे वाक्य ऑफिसात चांगलं चाललं होतं.) त्यावर तू म्हणालीस, "तुका कोणी जबरदस्ती केल्यान? वाईच लाज वाटूक व्हयी, इतक्याच सांगतंय." तुझी भावजय अनुजाही तुझ्याच पक्षाची. तिचं केंद्र घराजवळ, त्यामुळे ती सकाळीच मत देऊन आली आणि ताट वाढताना तिने शाईचं बोट बरोबर माझ्या डोळ्यांसमोर धरलं. दुपारी निघालो बापडा.

आपली डिलाईल रोडची चाळ पडली, मी लालबागला आलो, धनेश बदलापूरला गेला; पण नाव बदलून घ्यायचा कंटाळा दोघा भावांना सारखाच, त्यामुळे मतदारयादीत आम्ही अजून एकाच खोलीत नांदतो. मतदान त्याच जुन्या म्युनिसिपल शाळेत. दाराशी हवालदाराने अडवलं: मोबाईल आत चालणार नाही, कुणाकडे तरी देऊन या. देणार कुणाकडे? ओळखीचं एक तोंड दिसेना. मागे वळलो तर धनेश, हातात मोबाईल, आणि त्याचीही तीच पंचाईत.

अक्का, घरचा गणपती कुणाकडे बसवायचा यावरून आमचं वाजलं, तेव्हापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. लग्नकार्यातही तो एका पंगतीला तर मी दुसऱ्या. आता मात्र मोबाईल सोपवावा असा अख्ख्या रस्त्यावर दुसरा माणूस नाही. शेवटी तोच म्हणाला, "दे इकडे. तू जा आधी." मी म्हटलं, "तू लांबून आलायस, तू जा." "तू मोठा ना?" "मोठा आहे म्हणूनच सांगतोय." (पूर्वी आम्हाला भांडायला एवढं पुरत असे.) मग त्याला हसू आलं, मला चहाची तल्लफ आली, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात जे बसलो ते बसलोच. त्याला टक्कल पडलंय, तुला ठाऊक होतं? मला नव्हतं. माझे उगाच डोळे भरून आले. तू लाज काढली नसतीस तर मी पंख्याखाली घोरत पडलो असतो आणि माझा भाऊ तसाच परत गेला असता. तुझे फार उपकार आहेत, अक्का. थोडे निवडणूक आयोगाचेही.

मतदान न करणाऱ्यांना हल्ली मी सरळ नावं ठेवतो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
हितू

ता. क. यंदा गणपती बदलापूरला धनेशकडे न्यायचं मी चहाच्या भरात कबूल केलंय. अनुजाला अजून सांगितलेलं नाही. ती तुझं ऐकते, तेव्हा तूच सांग. मी घरात नसताना सांग.

आणखी एक. हॉटेलातून उठलो तेव्हा शाळेचं फाटक बंद झालं होतं. दोघेही मत न देताच परतलो. (अनुजाला म्हटलं, शाई हलकी निघाली.) इतकी वर्षं मत दिलं नाही म्हणून कधी झोप उडाली नव्हती, या वेळी मात्र चुटपुट लागून राहिलीय, आणि धनेशलाही. पुढच्या वेळी सकाळीच पहिल्या रांगेत उभं राहायचं ठरलंय. त्यासाठी तो आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला येणार आहे.