वेशीतला खड्डा

१२ नोव्हेंबर १९८४, बोरीवली
नोकरी लागली! उत्खननावर मदतनीस. बाबांनी सगळ्या चाळीला सांगून टाकलं, आमची अनुपमा बी.ए. झाली, आता जमिनीतून शहर काढणार. डोंगराच्या पायथ्याशी झाडीत आमचे तंबू आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विटांवरून हात फिरवताना अंगावर काटा आला. खोदायला जालन्याकडची माणसं आहेत. माझ्या कोऱ्या चपला पाहून त्यांच्यातल्या शकुने विचारलं, बाई, लग्नाला आलात का? तिच्या पोरीला, द्रौपदीला, मी अक्षरं शिकवणार आहे.

१९ नोव्हेंबर
शहराची वेस सापडली! उंबऱ्याखाली खड्डा, त्यात उभा सांगाडा, कवटी वरून फोडलेली. वेस टिकावी म्हणून माणूस जिवंत पुरला असावा, असं उत्खननाचे प्रमुख जयवंत सर म्हणाले. शकुचा नवरा अंबादास म्हणाला, ज्याची जागा त्याला राहू द्या. ही अंधश्रद्धा आहे, असं मी त्याला समजावलं. हाडं पेटीत भरून पुण्याला गेली.

२१ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत राखणदार राजाराम दिसेना. तो खड्ड्यात होता. उभा. छातीपर्यंत माती चेपलेली, डोकं वरून फुटलेलं, मिशीत मेंदू. आम्ही जवळच जेवत होतो. कुणाला काहीच ऐकू आलं नाही. पोलिसांनी प्रेत नेलं. कुणीही जागा सोडायची नाही म्हणाले.

२२ नोव्हेंबर
अंबादास. तसाच. भरदुपारी.
शकु काठावर आडवी पडली. म्हणाली, काढू नका, खड्डा रिकामा झाला की तो पुन्हा माणूस ओढतो, आता माझी पोर ओढील. मी म्हणाले, माणसाला असं गाडून ठेवायचं? पोलिसांना मीच बोलावलं. दोरही मीच धरला. वर येताना त्याची मान—

२३ नोव्हेंबर
सर हाडं परत आणायला गेलेत. मीच विनवलं. अजून आले नाहीत.
सकाळी द्रौपदी खड्ड्याकडे चालू लागली. डोळे उघडे. शकुने वेणी धरून ओढली. पोर आईला चावली. मांसाचा लचका निघाला. तरी पाय तिकडेच—

दुपार
चौघांना आवरत नाही ती.
शकु तंबूच्या तोंडाशी. रक्ताळलेला हात, त्यात पहार. रडत नाही. म्हणते, अंबादासाला तुम्ही काढलंत. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा बाई, खड्ड्यात कोण? पोर की तुम्ही?
वाट बघतेय. मी लिहितेय तोवर—
मी काय म्हणणार, मला ठाऊक होतं. लहान जीव आधी वाचवायचा. हेच मी नेहमी—
तोंडातून निघालं, पोर.
शकुने पहार उच