ज्याच्याकडे जास्त

नेपरव्हिल, ४ जानेवारी
या घरात सगळ्यांचे घसे बसलेले, गप्पा मारायला कुणी नाही. म्हणून रोजनिशी लिहिणं भाग पडलं. बाकी येणं झकास झालं. सौमित्रनं हे घर घेतल्यापासून तो आणि सूनबाई गिरिजा 'आई, तुम्ही याच' म्हणून मागे लागले होते. विमानतळावर गिरिजानं मिठीच मारली. दारात गुडघाभर बर्फ. घसे बसतात ते हीटरच्या कोरड्या हवेनं, असं माझं मत. सगळ्यांना मिठाच्या गुळण्या लावून दिल्या.

९ जानेवारी
गुळण्यांचा गुण आला, तिघांचेही आवाज सुधारले. मला मात्र सकाळी किंचित खरखर. नेत्राचा, माझ्या नातीचा, आवाज मुळात खणखणीत! आठवीतली पोर. शाळेत वादविवाद आहे आणि विषय नेमका माझा. इथल्या, अमेरिकेच्या, राज्यघटनेत लिहिलं होतं, प्रत्यक्ष कर राज्याराज्यांत लोकसंख्येप्रमाणे वाटून लावा. मग प्राप्तिकर अशा वाटणीशिवाय घेता येतो का? न्यायालय एकदा नाही म्हणालं. पुढे सोळाव्या दुरुस्तीनं ती अटच काढली. नेत्राकडे जुनी बाजू, डोकी मोजून वाटणी. नागपूरच्या कॉलेजात मी राज्यशास्त्रच शिकवलं. तयारी मीच करून घेणार. गिरिजा म्हणाली, खाली बेसमेंटमध्ये नको, तिथे आम्ही मोठ्यानं बोलत नाही. सुनेनं मला शिकवू नये.

१२ जानेवारी
तयारी बेसमेंटमध्येच करून घेतली. तिथे आवाज छान घुमतो. नेत्रा म्हणाली, "आजी, माय साइड इज फेअर. सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं, बस." मी विरोधी बाजूनं तिला झोडपून काढलं. डोकी कसली मोजता? ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडून घ्या! टेबलावर मूठ आपटून म्हटलं. नेत्रा हिरमुसली. "ओके, यू विन. हॅपी?" मी हॅपी होते. हीटरच्या जाळीतून कुजबुज आली, वर्गात मुलं मुद्दा उतरवून घेताना होते तशी. यंत्र जुनं असणार.

१३ जानेवारी
आम्हा तिघा मोठ्यांचे घसे आज स्वच्छ. नेत्राला आवाज नाही. बसलेला नाही, नाहीच. तोंड उघडते, नुसता श्वास येतो. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही.
संध्याकाळी गिरिजा रडत बोलली. खाली काहीतरी आहे. ते रोज आवाज घेतं, सगळ्यांकडून सारखा, थोडासा. घरात माणूस वाढलं की ज्याचा त्याचा वाटा हलका होतो. म्हणून तुम्हाला बोलावलं, असं मान खाली घालून म्हणाली.
तिनं काय केलं? ओझं वाटून घेतलं. मी 'ज्याच्याकडे जास्त' शिकवून वाटणीच मोडून दिली. तेही कशासाठी? एका लहान पोरीसमोर जिंकायला.

१५ जानेवारी
जाळीतून नेत्रा बोलते. "सगळ्यांनी थोडं थोडं." तोच सूर. वर खरी नेत्रा कान झाकून बसलीय. माझ्याकडे बघत नाही. सौमित्र सामान भरतोय, घर सोडू म्हणतो. तिचा आवाज इथे ठेवून?

१६ जानेवारी
वही घेऊन खाली आले. मुद्दा मागे घेतला. मोठ्यानं, हात जोडून. आयुष्यात कधी घेतला नव्हता. जाळी थंडच.
मग म्हटलं, तिचा दे, माझा सगळा घे.
जाळीतून ऊब आली. घशाशी कुणीतरी —

दिला: माझा आवाज, पूर्ण.
मिळाला: नेत्राचा. वर बोलली ती! गिरिजाचं रडणं, हसणं — इथवर ऐकू येतंय.
आता मला हाक मारतेय. "आजी, व्हेअर आर यू?"
ओ देता येत नाही. पाय उचलत नाहीत —
जाळीतून ओ गेली. माझ्या आवाजात. लाडानं. ये गं बाळ, म्हणतेय, खाली ये —
जिन्यावर तिची पावलं वाज