थिंबल शिखरासाठी बूट

१२ मे, मंगळवार

आज निश्चय केला. पेनने लिहून ठेवतो. मागचे निश्चय मोडले ते पेन्सिलीने लिहिले होते म्हणून.

झालं असं की नाश्त्याला आर्डिसने पेपरातली बातमी वाचून दाखवली. थिंबल शिखरावरचा वणव्याच्या टेहळणीचा मनोरा सप्टेंबरात उतरवणार. लाकूड कुजलंय. लग्नाआधी, एकोणीस-वीस वर्षांची असताना, आर्डिस दोन उन्हाळे त्या मनोऱ्यात एकटी राहिली होती. धूर दिसला की वायरलेसवर खाली कळवायचं, एवढंच काम. पश्चिमेच्या खिडकीखालच्या फळीवर तिने तेव्हा चाकूने काहीतरी कोरलंय. काय, ते छत्तीस वर्षांच्या संसारात मला सांगितलेलं नाही. वर ये आणि वाच, म्हणते. मी दर वर्षी सांगतो, पुढच्या वर्षी नक्की.

पेपर खाली ठेवून म्हणाली, आता पुढचं वर्ष उरलं नाही रे, वर्लिन.

मी तिथल्या तिथे तारीख दिली. ८ ऑगस्ट, शनिवार. सहा मैल वर, सहा मैल खाली. तिने माझ्या टोस्टला स्वतः लोणी लावलं. हे बऱ्याच वर्षांनी घडलं.

डोंगराची मला भीती नाही. एकतीस वर्षं मी याच डोंगरांतून स्कूलबस चालवली आहे. एकच अडचण आहे. माझ्याकडे बूट नाहीत.

१४ मे, गुरुवार

लॉरीनच्या दुकानात गेलो. लॉरीन सत्तरीची आहे आणि अख्ख्या मोंटानातल्या लाकूडतोड्यांचे बूट तिच्या हातून गेलेत. मला म्हणाली, रोज किती चालता? म्हटलं, टपालपेटीपर्यंत आणि परत. तिने एक हलकी, कापडी जोडी पुढे केली. मी हसलो. म्हटलं, मला जाड, अखंड चामड्याचे द्या. वणवा विझवणारे घालतात तसले.

ती म्हणाली, अहो, त्यांच्या पायांवर झाडं पडतात. तुमच्यावर काय पडणार आहे?

मी गंभीर चेहरा करून बाहेर पडलो. असा निर्णय घाईत घ्यायचा नसतो.

२३ मे, शनिवार

अभ्यास जोरात. सोलची शिलाई, टाचेची उंची, चामड्याची जाडी, घोट्याचा आधार. आता चामड्याबद्दल मला त्या गाईपेक्षाही जास्त माहिती आहे.

चालण्याचा सराव अजून सुरू केलेला नाही. चुकीच्या शूजमध्ये चाललं तर पायांना चुकीच्या सवयी लागतात. आर्डिस मात्र रोज सकाळी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जाऊन येते, बागकामाचे जुने कापडी शूज घालून. डाव्या करंगळीपाशी भोक आहे. तिच्या पायांची मला खरोखर काळजी वाटते.

२ जून, मंगळवार

घेतले! किंमत लिहीत नाही, ही वही आर्डिसच्या हाती पडू शकते.

जोडीचं वजन साडेपाच पौंड. सोल जाडजूड, नाडी आठ फूट. आर्डिसने एक बूट उचलून पाहिला, खाली ठेवला आणि विचारलं, या नांगराची होडी कुठे आहे?

लॉरीनने सूचना भरपूर दिल्या. रोज थोडं चालायचं, आधी घरात, मग रस्त्यावर, मग चढावर. मेण लावायचं. उन्हापेक्षा जास्त ऊब द्यायची नाही. बाकीचं नीट ऐकलं नाही, कारण तेव्हा मी आरशात पाहत होतो.

३ जून, बुधवार

बूट घालून नाश्ता केला. भक्कम वाटलं. उठताना टेबलाच्या पायाला ठोकर लागून डाव्या बुटाला ओरखडा पडला. घरातच ही अवस्था, तर बाहेर काय होईल? चामडं पक्कं होईपर्यंत बूट बाहेर न्यायचे नाहीत, असं ठरवलं.

२१ जून, रविवार

सराव सुरू! तळघराचा जिना, बारा पायऱ्या. दिवसाला चाळीस फेऱ्या केल्या की महिनाभरात शिखराएवढी चढाई होते, कागदावर मांडून पाहिलं. आज तीन झाल्या. तळघरातल्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीम आहे हे खरं, पण मी त्यासाठी उतरलो नव्हतो.

दोन्ही टाचांना फोड. ही चांगली खूण आहे. चामड्याची आणि माझी ओळख होते आहे. सध्या चामड्याचं पारडं जड आहे.

४ जुलै, शनिवार

गावच्या मिरवणुकीला बूट घालून गेलो. आमच्या आळीतल्या कोपऱ्यापर्यंत, दोनशे यार्ड. आर्डिसचा भाऊ रूडी दुरूनच ओरडला, दाजी, सिमेंट कुठे ओतायचंय? रूडीला दर्जा कळत नाही. तो वर्षभर रबरी सपाता घालतो.

एक तास उभा राहिलो. मग दोन्ही पाय आपले वाटेनासे झाले. परत चालत येणं शक्य नव्हतं असं नाही, पण अग्निशामक दलाची गाडी समोरच थांबली होती आणि पोरांनी मला उचलून वर बसवलं. बूट बघून लोकांना वाटलं की मी वणव्यातून आलोय. टाळ्या वाजल्या. एका बाईने डोळे पुसले. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं, म्हणून मी हात हलवला.

आर्डिस फुटपाथवर होती. तिने हात हलवला नाही.

१९ जुलै, रविवार

रामबाण उपाय मिळाला. कॉफीच्या दुकानात हाकॉन म्हातारा भेटला. त्याची उभी हयात लाकूडतोडीत गेली. म्हणाला, अरे, आमच्या काळी नवे बूट पाण्याने काठोकाठ भरायचे, ओतून टाकायचे, लगेच पायात चढवायचे आणि सुकेपर्यंत काढायचे नाहीत. चामडं पायाच्या आकाराला बसतं. एका दिवसात काम फत्ते.

घरी येऊन बाथटबमध्ये बूट बुडवले आणि घातले. आता चालायचं, एवढंच बाकी होतं. पण ओल्या बुटांनी चाललो असतो तर गालिचा खराब झाला असता. आर्डिसचा विचार करून आरामखुर्चीत बसलो. खुर्ची मागे रेलली, पाय वर घेतले, टीव्हीवर बेसबॉल लावला. सहा तास हललो नाही. एवढा संयम माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

२० जुलै, सोमवार

बूट सुकले. हाकॉन खोटं बोलला नव्हता, आकार अगदी पक्का बसलाय. आरामखुर्चीचा.

घोट्यापाशी चामडं मागे झुकलंय आणि पुढची टोकं छताकडे बघतायत. बसल्यावर इतके आरामशीर बूट जगात दुसरे नसतील. उभं राहिलं की मात्र माणूस मागे जातो. सकाळी दोनदा कोचावर पडलो, एकदा आर्डिसच्या शिवणाच्या टोपलीत. ती म्हणाली, लॉरीनकडे परत ने. मी म्हटलं, किरकोळ दुरुस्ती आहे, घरीच होईल.

२८ जुलै, मंगळवार

दुरुस्ती केली. कडक चामडं मऊ करायचं तर मेण आत मुरलं पाहिजे, आणि मेण मुरायला ऊब पाहिजे. ऊन होतं, पण ऊन किती अंशांचं आहे हे कोणाला ठाऊक? ओव्हनवर आकडे असतात. मधमाशीच्या मेणाचे दोन डबे चोपडले, बूट ट्रेवर उभे केले आणि अगदी मंद ठेवून आरामखुर्चीत बसलो. मंद म्हणजे किती यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते आकडे पुसट झालेत.

आर्डिस मैत्रिणींबरोबर डोंगरात हकलबेरीची रानफळं वेचायला गेली होती. बादली भरून घेऊन आली आणि वासाने दारातच थांबली. विचारलं, जेवायला कोण आहे आज?

बूट मात्र मऊ झाले. तळाकडून जरा जास्तच मऊ, सोल हाताला चिकटत होते. दाबून बसवले आणि वर विश्वकोशाचे तीन खंड ठेवले. त्याच ओव्हनमध्ये नंतर आर्डिसने हकलबेरी भरलेली गोड पेस्ट्री भाजली. रूडीने दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, ताई, ह्याला खोगिराची चव आहे, पण वाईट नाही.

३ ऑगस्ट, सोमवार

आर्डिसने सरळ विचारलं, वर्लिन, तू या उन्हाळ्यात एकदा तरी मातीवर चाललास का?

मी समजावलं की तयारी पायांची नसते, पायांत काय घालतो त्याची असते. ती हसली नाही. म्हणाली, शनिवारी मी जाणार आहे. तू सपाता घालून ये, बसचे जुने शूज घालून ये, हवा तर माझ्या खांद्यावर हात ठेवून ये. पण ये. एवढंच म्हणणं आहे माझं.

बिचारीला तांत्रिक बाजू कळत नाही.

७ ऑगस्ट, शुक्रवार

लॉरीनला बूट दाखवले, केवळ शाबासकीसाठी. तिने वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वास घेतला. म्हणाली, शिजवले का हो? मी म्हटलं, ऊब दिली. ती म्हणाली, सोलचा गोंद गेलाय, उद्या हे घालू नका. बस चालवायचात ना, ते काळे शूज घाला. तुमच्या पायांना तेच ओळखतात.

पन्नास वर्षं धंद्यात असलेल्या माणसाला नवी पद्धत रुचत नाही. मी मनावर घेतलं नाही.

८ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ६.१०

वाट सुरू होते तिथे पोचलो. लाकडी पेटीतल्या वहीत सगळे नाव, माणसं किती आणि कुठे जाणार ते लिहून जातात, हरवलं कोणी तर शोधायला सोपं जावं म्हणून. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: वर्लिन आणि आर्डिस थोर्सगार्ड. माणसं: २. थिंबल शिखर.

आर्डिसने ते वाचलं आणि माझा दंड धरला. हवा छान आहे. मी किंचित मागे झुकून चालतो आहे, पण दिसायला ऐटबाज.

८ ऑगस्ट, ६.५५

ओंडक्यावर बसून लिहितोय. पाव मैल झाला असेल. डावा सोल निघाला. पुढून निघाला, मागून अजून धरून आहे, त्यामुळे पाऊल टाकलं की टाळी वाजते. अस्वलं दूर राहतील, हा फायदा. आर्डिसने केसांचा रुमाल सोडून बांधून दिला.

८ ऑगस्ट, ७.२०

उजवाही. हा पूर्ण निघाला आणि उतारावरून गाडीच्या दिशेने गेला.

आर्डिस बराच वेळ शिखराकडे बघत उभी राहिली. नंतर सँडविचचा अर्धा पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, तू हो पुढे, मी दुरुस्त करून गाठतोच. ती म्हणाली, गाडीची डिकी बघ. आणि गेली. करंगळीपाशी भोक असलेल्या शूजमध्ये ती किती भरभर चढते, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

८ ऑगस्ट, ८.०५

मोज्यांवर गाडीपाशी आलो. डिकी उघडली. पिशवीत माझे बसचे शूज. पॉलिश केलेले, नव्या नाड्या घातलेले.

त्यांना घोट्याचा आधार नाही. सोल पातळ. पहिल्या दगडावरच पाय मुरगळला तर तिलाच निस्तरावं लागेल. आणि ती आता पाऊण तास पुढे आहे, गाठणं अवघड. इथेच थांबणं शहाणपणाचं आहे. सीट मागे केली.

८ ऑगस्ट, दुपारी ४.१५

परत आली. चेहरा उन्हाने लाल. खुशीत दिसली, मग मला गाडीत बघितलं.

विचारलं, फळी होती का? होती, म्हणाली. अक्षरं दिसली का? दिसली. काय होतं? ती पाणी प्यायली, तिने बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, ते सांगायचं नव्हतं रे. तिथे उभं राहून वाचायचं होतं.

निघण्याआधी ती पेटीपाशी गेली, परत आल्याची नोंद करायला. मला वाटलं, मीही सही करावी. गेलो. मी लिहिलेल्या २ वर तिने एक बारीक रेघ मारली होती. शेजारी १.

९ ऑगस्ट, रविवार

नाश्त्याला विचारलं, पुढच्या शनिवारी जाऊया का? म्हणाली, उद्यापासून वाट बंद, मनोऱ्यातलं सामान उतरवणाऱ्यांसाठी. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. माझ्या टोस्टचं लोणी माझ्यापुढे सरकवलं आणि टाकीच्या टेकडीवर गेली.

मला वाईट वाटतंय. याला कारण शोधून पाहिलं. चामडं, हाकॉन, ओव्हनचे आकडे. एकही पुरलं नाही.

बसचे शूज घातले. टपालपेटीपर्यंत गेलो, मग पेटी ओलांडून तसाच पुढे, वळणापर्यंत. तिथून थिंबल शिखर दिसतं, आणि त्यावर काडीएवढा मनोरा. तासभर उभा राहिलो.

पाय अजिबात दुखले नाहीत.