फाटकाबाहेरची खानावळ

२ सप्टेंबर, सोमवार

सहा ताटं! दिवसभरात सहा. त्यातलं एक नवऱ्याचं, मुडियागाचं, म्हणजे ते धरायचंच नाही.

एवढा मोठा टोप बांगाच्या रश्श्याचा — पामची फळं उकडून, कुटून, गाळून हात लाल झालेत — आणि संध्याकाळी अर्ध्याहून जास्त तसाच घरी. एके काळी रिफायनरीच्या ह्याच फाटकाबाहेर टँकरची रांग पार बाप्टिस्ट चर्चपर्यंत लागायची. ड्रायव्हर खिडकीतूनच ओरडायचे, "आई, गोळा मोठा घाल! मासा शेपटीकडचा नको!" मी शिव्या घालायची आणि वाढायची. कसावाच्या कंदाचा पिवळा गोळा नुसता ताटात पडायचा अवकाश, की संपला. आता फाटकावर एक पहारेकरी, दोन शेळ्या आणि मी.

टँकर सगळे नदीपलीकडच्या डेपोवर. तिथे बोटीने पेट्रोल येतं. आमच्याच पायाखालचं तेल परदेशी जातं, तिकडे न्हाऊनधुऊन पेट्रोल होतं आणि डॉलरच्या भावाने आमच्याच दारात परत! जाऊ दे. डोकं तापवून टोप रिकामा होत नाही.

५ सप्टेंबर

मुडियागा आज जेवायला आला तो तीन जणांना ओढूनच घेऊन. निळा डगला, डोक्यावर हेल्मेट. म्हटलं, बंद कारखान्यात हेल्मेट कशाला रे? डोक्यावर काय पडणार आहे — पगार?

"पडलाच तर झेलायला नको का?" म्हणाला, आणि आणखी मासा मागितला.

काम काय, तर बंद यंत्रांचे व्हॉल्व फिरवायचे. आज ह्या बाजूचे, उद्या त्या बाजूचे. नाही फिरवले तर जाम होतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलावी लागते ना, तसं. सरकार ह्या कामाचा पगार देतं, जेव्हा आठवण होते तेव्हा. तो मात्र एक दिवस चुकवत नाही. नावच मुडियागा — ठाम उभा राहा! राहिलाय बिचारा. मला कधीकधी त्याच्याकडे बघून भरून येतं.

११ सप्टेंबर

एफेमेना भेटायला आली. पूर्वी माझ्या शेजारीच चवळीची भजी तळायची. आता डेपोच्या फाटकावर बसते. अंगावर मूठभर मांस चढलंय, कानात नवे डूल.

"वेडी आहेस तू! मढ्याच्या उशाशी बसून कुणाला वाढतेस गं?"

तिच्या शेजारची जागा रिकामी होतेय. वर्ष संपेपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवते म्हणाली. "मग मात्र दुसरी येऊन बसेल, मला बोल लावू नकोस."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं! तेवढ्यात फाटकातून मुडियागा बाहेर आला. मला बघितलं आणि लांबूनच हात केला, रोज करतो तसा. हो म्हणायचं राहिलं.

मी उठून गेले तर त्याला काय दिसेल? बाराला बाहेर येईल आणि समोर मोकळी जागा, विझलेली चूल. म्हणजे बायकोनेसुद्धा कारखान्यावर माती लोटली! २९ नोव्हेंबरला रिटायर होतोय. त्याआधी एकदा त्या उंच धुराड्यावर ज्वाळा दिसावी, कारखाना चालू झाल्याची खूण, एवढीच त्याची आस. तोंडाने कधी बोलत नाही, पण मला माहीत आहे. इतकी वर्षं थांबले, आता अडीच महिन्यांनी काय जातंय. नंतर बघू.

२१ सप्टेंबर, शनिवार

सापेलेचा बाजार. पामतेलाचा डबा मलेशियाचा! इथे, जिथे पोर चालायला लागायच्या आधी पामच्या झाडाला हात लावतं! दुकानदारीण म्हणते, "मावशी, आपल्यापेक्षा स्वस्त पडतं." टोमॅटोचा डबा चीनचा. तांदूळ थायलंडचा. सुका मासा नॉर्वेचा. खाडीतला ताजा घ्यावा तर त्याला रॉकेलचा वास. माझ्या पिशवीने माझ्यापेक्षा जास्त जग बघितलंय.

वर म्हणे डॉलर चढला म्हणून मासा महाग. अगं बाई, मी डॉलर शिजवते का? "मावशी, मलाही समजत नाही, पण गोदामवाला असंच सांगतो." तिघी-चौघी हसलो आणि तरी घेतला. न घेऊन सांगतेय कुणाला.

पामची फळं मात्र उघेली गावच्या म्हातारीकडचीच. त्यात तडजोड नाही. डब्यातल्या तेलाचा बांगा मी मेले तरी करणार नाही.

४ ऑक्टोबर

ओरेवाचा लेगोसहून फोन. पोरगी पेट्रोलच्या बोटींचं काम बघणाऱ्या ऑफिसात आहे. चांगली नोकरी आहे, पण घरात तिच्या कामाबद्दल बोलायचं म्हणजे मला धाकधूक. बाप तेल गाळायच्या कारखान्यात, लेक बाहेरून गाळून आलेलं उतरवून घेणार!

"आई, एफेमेना मावशीने मला सांगितलंय सगळं. हट्ट सोड. इथे बंदरात बोटी रांगेने उभ्या आहेत, डेपो बंद पडायचा नाही."

मी हळू बोल, हळू बोल करतेय तोवर मुडियागाने फोन घेतला. "काय गं विलायती पेट्रोलवाली, जेवलीस का?" मग दोघं किती वेळ हसत होती! त्याच्या मनात तिच्याबद्दल तिळभर काही नाही. तेच तर. राग राग करणारा असता, तर मला सोपं गेलं असतं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पेटली!!

भांडी विसळत होते. पहारेकरी किंचाळला. वर बघते तर धुराड्यावर ज्वाळा! केशरी, मोठी, फडफडणारी. शेळ्यासुद्धा बिथरल्या. मी ओल्या हातांनी रस्त्यावर धावले. काय ओरडत होते कुणास ठाऊक. चर्चची पाळकबाई आली, शिंपी आला, आम्ही सगळे नाचलो. ह्या वयात! कमरेचं कापड सुटायला आलं तरी भान नव्हतं.

मुडियागा आज आत उशिरापर्यंत थांबणार. येऊ दे. त्याचं तोंड बघायचंय मला.

उद्या टँकर येतील. उघेलीच्या म्हातारीला निरोप धाडला — आहेत नाहीत तेवढी फळं पाठव! माशाचं अख्खं खोकं उचललं. शेजारणीचा मोठा टोपही आणलाय, लग्नातला.

तो आला. काळवंडलेला, दमलेला. मी गळ्यातच पडले. तो नुसती पाठ थोपटत राहिला. आनंदाने बोलवेना त्याला.

१७ ऑक्टोबर

एक टँकर नाही.

१८ ऑक्टोबर

आजही नाही. ज्वाळा कालच विझली होती. मला वाटलं, उजेडात दिसत नसेल.

दुपारी मुडियागा आला तो कारखान्यातली सगळी माणसं घेऊन. फोरमन, कारकून, झाडूवाली, दवाखान्यातली नर्स. सगळ्यांनी दोन-दोन वेळा मागून घेतलं. नर्स तर म्हणाली, "वहिनी, आता गोळा वाढलात तर मलाच दवाखान्यात न्यावं लागेल." तरी टोपाचा तळ दिसेना.

मग सगळे गेल्यावर सांगितलं. राजधानीतून साहेब लोक पाहणीला आले होते. त्यांना दाखवायला लॉरीतून गॅस आणून पेटवला. फोटो काढले, विझवला.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस रे मेल्या? माशाचं खोकं घेतलं मी!"

"तू नाचत होतीस म्हणे," एवढंच म्हणाला. बोटं चाटत होता, खाली मान घालून.

माझं खोक्यावर निभावलं, त्याचं काय? आशा दाखवून विझवली त्याची. त्याच्याच हातांनी व्हॉल्व उघडायला लावला असेल! घरी आल्यावर त्याच्या पायांना तेल चोळलं. त्याला झोप लागेपर्यंत चोळत राहिले.

६ नोव्हेंबर

चार ताटं. शेळ्या धरल्या तर सहा.

१५ नोव्हेंबर

एफेमेनाचा पुन्हा निरोप. दुसरी एक बाई जागेसाठी तिच्या मागे लागलीय. मी म्हटलं, याचा निरोपसमारंभ होऊ दे, मग सांगते. एफेमेना फोनवर इतकी तडकली! "तुझा नवरा निरोप घेईल गं, तू कधी घेणार?"

तिचं खोटं नाही. हातातलं संपत आलंय. ओरेवा पाठवते त्यावर घर चालतंय, आणि त्याचं पेन्शन कधी सुरू होईल ते देवाला ठाऊक. डेपोवर दिवसाला शंभर ताटं जातील. मला हे सगळं दिसतं! आंधळी नाही मी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

झाला समारंभ. रीतीप्रमाणे थाळीत मानाची कडू कोलाची फळं, दारूची बाटली, वर एक नोट. फोरमनने प्रार्थना केली, फळ फोडलं, वाटलं. मुडियागाला पांढऱ्या झग्यात आणि टोपीत काय रूप आलं होतं! मी मुद्दाम त्याच्या मागे उभी राहिले, डोळे पुसता यावेत म्हणून.

दोन शब्द बोल म्हणाले. मला वाटलं कारखान्याचं काही बोलेल. हा म्हणतो, "बायकोच्या हातचं रोज फाटकाशीच गरम मिळायचं, म्हणून नोकरी झाली." सगळे हसले. मीही हसले. मोठा आला गमत्या! मनातलं लपवायचं असलं की हा असाच थट्टा करतो.

बाहेर पडताना त्याने धुराड्याकडे वळूनही पाहिलं नाही. बघवलं नसेल.

३ डिसेंबर

रोज उजाडायच्या आत उठून जातो. जुनी पँट, जुने बूट. कुठे ते सांगत नाही. संध्याकाळी येतो तर बुटांना ओली माती. कुंपणाशी जाऊन उभा राहत असणार! आत जाता येत नाही म्हणून बाहेरून बघत असणार. विचारायचा धीर होत नाही.

जेवायलाही आता खानावळीवर येत नाही. डबा नेतो. ते फाटक त्याला नको झालं असेल. मी समजू शकते.

६ डिसेंबर

ठरलं. मी हलणार नाही. आज तो रिटायर झाला आणि उद्या बायको उठून पलीकडे पळाली, असं मी करणार नाही. उपाशी तर राहत नाही आपण. उद्या नदीपलीकडे जाऊन एफेमेनाला तोंडावर सांगते — दे जागा त्या बाईला. फोनवर सांगितलं तर ती मला बोलू द्यायची नाही.

ठरवलं, पण रडू आलं. शंभर ताटं काही थोडीथोडकी नव्हेत.

७ डिसेंबर, शनिवार

होडीने गेले. डेपोच्या फाटकावर ही गर्दी! टँकरच टँकर. दानलादी दिसला, माझं जुनं गिऱ्हाईक, कानो शहराचा ड्रायव्हर. मला बघून त्याने हातातलं टाकलं आणि बोंब मारली, "आली! आई आली! अजून झालं नाही, डोळे मीट!"

एफेमेनाच्या शेजारी चार खांब उभे. आणि चौथ्या खांबाशी गुडघाभर खड्ड्यात मुडियागा.

तो वर बघून म्हणतो, "चूल कुठे हवी ते सांग. वारा नदीकडून येतो, पाठ तिकडे करतो. जमीन उंच आहे, पाणी नाही तुंबणार."

"तू इथे येत होतास? रोज?"

"मग काय कुंपणाशी जाऊन शेळ्या मोजू?"

एफेमेना भजी तळता तळता हसतेय, दानलादी हसतोय, आणि मी त्या खड्ड्याशी बसून हमसून हमसून रडले. ड्रायव्हर विचारतात, आईला काय झालं? तो म्हणाला, "भूक लागलीय तिला." भजी आणली. रडत रडत खाल्ली.

८ डिसेंबर, रविवार

चर्चमधून येताना शेवटी विचारलंच. कारखाना पुन्हा चालायचा नाही, हे तुला कधी कळलं?

"दुरुस्तीला आलेले परदेशी कंत्राटदार दुसऱ्यांदा हत्यारं पेटीत भरून गेले ना, त्या दिवशी."

अरे, त्याला अकरा वर्षं झाली! मग बोलला का नाहीस?

"सांगायलाच बाहेर आलो होतो. तू शिडीवर चढून खानावळीवर नवे पत्रे ठोकत होतीस."