कुठल्या वारी?

अण्णा, तुम्ही गेल्यावर खडेबाजारातलं औषधाचं दुकान मी चालवायला घेतलं. तुमची उंच खुर्ची अजून तिथंच आहे. डिप्लोमा करून मी तुमच्या हाताखाली आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. संधिवाताची, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी मी एका म्हाताऱ्याला दिली, नीट समजावून सांगितलं, तो व्हय म्हणाला. तुम्ही त्याला पायरीवरून परत बोलावलंत आणि कुठल्या वारी घेणार ते विचारलंत. त्याला सांगता येईना. "आपली माणसं शिकलेल्यासमोर व्हयच म्हणत्यात गं," तुम्ही म्हणालात. "वार त्यांच्या तोंडनं आला पायजे, मगच गोळी द्यायची." मला भयंकर राग आला होता. तरी पुढं कितीतरी वर्षं मी वार विचारत राहिले.

मागच्या वर्षी अनगोळची एक सून सासूसाठी तीच गोळी न्यायला आली. काउंटरवर गर्दी, माझं डोकं ठणकतंय. मी आठवड्याला एक म्हणते, ती व्हय म्हणते, मी पाकीट सरकवते. तिनं रोज एक दिली. सासूच्या तोंडात फोड आले, मग ताप चढला, आणि दवाखान्यात नेऊनही ती वाचली नाही.

चौकशीला औषध खात्याचे साहेब आले. नीट सांगितलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हटलं, ते खरंच होतं. तिथंच थांबायचं, तर मी पुढं म्हणाले, "वार पण विचारला होता. सोमवार म्हणाली ती." तुमचाच नियम, अण्णा, तो मी स्वतःला वाचवायला वापरला. सून कोपऱ्यात उभी होती. "बाईंनी मला वार इचारलाच न्हाय," ती म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. दुकानाकडून निष्काळजीपणा झालेला नाही, असं कागदावर आलं, आणि नवऱ्यानं तिला हिंडलग्याला माहेरी धाडलं ते कायमचंच.

परवा ती बापाचं औषध न्यायला आली. दुसरीकडं कुठं मिळालं नाही म्हणून माझ्याकडं आली असणार. मी काही बोलायच्या आत तिनं एकेक गोळी हातात धरून कधी द्यायची ते घडाघडा म्हणून दाखवलं, आणि खाली मान घालून विचारलं, "बरोबर हाय न्हवं?" मी व्हय म्हटलं.

ती खरं बोलत होती, अण्णा. हे मी फक्त तुम्हाला सांगतेय, तेही तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून.